ताराचंदच्या मशिनी आणि माझा शब्द

साल दोन हजार पंचवीस. माझं वय त्र्याहत्तर, आणि सिहोऱ्याच्या रस्त्यावरचं माझं इंजिन दुरुस्तीचं दुकान एकावन्न वर्षांचं. निरोप आला तेव्हा मी एका पंपाच्या इंजिनाचं हेड उघडून बसलो होतो. उन्हाळी धान निसव्यावर आलेलं, लोंब्या बाहेर पडू लागलेल्या, धानाच्या बांधीला पाणी पाहिजे, आणि इंजिनवाला शेतकरी समोर उकिडवा बसून दर पाच मिनिटांनी विचारत होता, झालं का मिस्त्री. तेवढ्यात पल्लवीचा फोन आला. ही आमच्या गावची पोरगी, आता तुमसरला एका कचेरीत कारकून आहे. ती म्हणाली, "काका, सर गेले." मी विचारलं, कुठं गेले. मग कळलं, ती ताराचंदबद्दल बोलत होती, गावातले पोट्टे त्याला सर म्हणायचे. छातीत दुखलं म्हणून भंडाऱ्याला नेत होते, वाटेतच संपला. मी फोन ठेवला आणि हेड बसवलं, बोल्ट आवळले, इंजिन चालू करून त्या माणसाच्या हवाली केलं. धान ताराचंदसाठी थांबणार नव्हतं, आणि अर्धं इंजिन सोडून उठलो असतो तर त्यानंच मला झापलं असतं.

मी चौथी शिकलेला माणूस. पेपरात लिहायची ही माझी पहिली वेळ, आणि बहुतेक शेवटची. लोक गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहितात, तसं मीही लिहीन, कारण ताराचंदमध्ये गोड लिहिण्यासारखं पुष्कळ होतं. पण मी लिहायला बसलो ते एका वेगळ्या कारणानं. त्याच्या नावावर एक चूक चढलेली आहे. ती त्याची नव्हती. ती उतरवायची आहे, आणि ते काम माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

आम्ही दोघं एका तरटावर बसून शिकलो. त्याला गणित यायचं, मला गुरुजींची सायकल दुरुस्त करता यायची. चौथीनंतर मी एका गॅरेजात लागलो, तो पुढे शिकत गेला, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागला आणि अर्धा विदर्भ फिरून आला. लहानपणी मी त्याच्या घरी गेलो की त्याची आई मला चुलीपाशी बसवून भात वाढायची. तो आमच्या घरी आला की माझी आई त्याला ओसरीवर वाढायची. हे त्यानं साठ वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाही. मीही नाही. मी बोलायला पाहिजे होतं, हे मला आता लिहिताना कळतं, पण तेव्हा मी म्हणायचो, त्याला काही वाटत नाही तर आपण कशाला उकरायचं.

नोकरी संपवून तो गावात परतला तेव्हा त्याच्याबरोबर दोन पेट्या होत्या, एकीत कपडे आणि दुसरीत वायरी. बुद्धविहाराला लागून एक रिकामी खोली होती. तिथं त्यानं तीन वर्षांपूर्वी अभ्यासिका काढली. कुठल्याशा कंपनीनं टाकून दिलेले सहा लॅपटॉप आणले. त्यांच्या स्वतःच्या बॅटऱ्या मेलेल्या होत्या. विहाराच्या छतावर सोलरच्या पाट्या बसवल्या, खाली एक मोठी बॅटरी, आणि त्या बॅटरीवर सहाही मशिनी. आमच्याकडे संध्याकाळी लाईन जाते, कधी येईल सांगता येत नाही, आणि पोट्टे अभ्यासाला जास्त येतात ते संध्याकाळीच. पोलीस भरती, तलाठी, टायपिंग, जे काही असेल ते. म्हणजे सगळा खेळ त्या एका बॅटरीवर. ताराचंद रोज सकाळी तिच्यातलं पाणी तपासायचा, टर्मिनल पुसायचा, आणि कानाशी लागल्यासारखा वाकून उभा राहायचा. मी एकदा विचारलं, बॅटरी काय बोलते बे तुझ्याशी. म्हणाला, बोलत नाही म्हणूनच वाकतो, तुझं इंजिन तरी ओरडते.

मी रोज चारच्या चहाला तिथं जायचो. पोट्ट्यांना वाटायचं, मिस्त्रीकाका फावल्या वेळात येऊन बसतात. खरं म्हणजे मला ती मशीन समजून घ्यायची होती, पण विचारायची लाज. ताराचंदला ते न सांगता कळायचं. तो दुसऱ्याच कुणाला समजावून सांगतोय असं दाखवायचा आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायचा. असं ऐकून ऐकून मला कळलं की लॅपटॉपच्या डोक्यात जो प्रोसेसर असतो, त्याचा वेग कायम एक नसतो. काम कमी असलं तर तो हळू चालतो, काम आलं की वेग वाढवतो. वेग वाढला की वीज जास्त खातो, गरम होतो. कधी वाढवायचा, किती वाढवायचा, कधी उतरवायचा, हे ठरवणारा एक नेमका भाग आत असतो, आणि माणसाला त्याच्या हद्दी बांधून देता येतात. मी मनात म्हटलं, अरे, हे तर माझंच काम आहे. डिझेल इंजिनावर भार आला की तेल वाढवायचं, भार गेला की कमी करायचं, त्यासाठी इंजिनात दोन वजनं फिरत असतात. ती वजनं मी एकावन्न वर्षं लावतोय. आणि जे आपलंच काम, त्यात आपण दुसऱ्याचं कशाला ऐकायचं?

इथं माझी चूक सुरू होते.

पहिल्या वर्षी बॅटरी संध्याकाळ पुरत नव्हती. ऐन अभ्यासाच्या वेळी मशिनी बंद पडायच्या, पोट्टे चिडायचे, समितीत कुरबुर सुरू झाली. अभ्यासिकेची समिती म्हणजे पाच माणसं, अध्यक्ष सुखदेव. त्या बैठकीत मी उभा राहिलो आणि सांगितलं, सहाही मशिनी सगळ्यात खालच्या वेगाला बांधून टाका, वर चढूच देऊ नका. इंजिनाचं थ्रॉटल कमी, तर डिझेल कमी. आख्ख्या तालुक्यात माझ्या हाताखालून गेलेली इंजिनं तेल कमी पितात, हे माहीत असलेल्या गावात माझा शब्द कुणी खाली पडू देत नाही. ताराचंदनं एवढंच विचारलं, "शालिक, तुले नक्की वाटते?" मी म्हटलं, मला वाटत नाही, मला माहीत आहे. तो म्हणाला, ठीक, तुझा शब्द आहे तर एक महिना करून पाहू. त्यानं सहाही मशिनी खालच्या वेगाला बांधल्या.

त्या महिन्यात पल्लवी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करत होती. तिचे वडील नाहीत. आई रोवणीला, कापणीला जाते. ही पोरगी दिवसभर आईबरोबर बांधीत आणि संध्याकाळी अभ्यासिकेत. बोटं चांगली चालायची तिची, ताराचंद म्हणायचा, हिची बोटं पावसाच्या सरीसारखी पडतात. आणि त्याच महिन्यात तिचा वेग घसरत गेला. चुका वाढल्या. एक दिवस ती आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मैत्रिणीकडून कळलं की ती म्हणते, माझ्या हातात काही राहिलं नाही, धान लावून लावून बोटं जाड झाली, मी फॉर्म भरणार नाही. परीक्षेला सहा आठवडे होते.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पोरीचं मन लागत नसेल. ताराचंद तिच्या जागेवर जाऊन बसला. ती जे पुस्तक टाइप करायची तेच उघडलं, त्याच वेळी मागे दुसरी दोन कामं चालू ठेवली, जशी तिच्या मशीनवर असायची, आणि टाइप करू लागला. मी बाजूला उभा होतो. तो बटणं दाबत होता आणि पडद्यावर काहीच नव्हतं. मग एकदम सात-आठ अक्षरं गठ्ठ्यानं आली. पुन्हा थांबली, पुन्हा गठ्ठा. अक्षर दिसलं नाही म्हणून माणूस बटण पुन्हा दाबतो, मग दोन येतात, मग एक खोडतो, तेवढ्यात तीन खोडली जातात. ताराचंदनं हात काढून घेतले. माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मला तेव्हाच कळलं होतं. मी म्हटलं, जुनी मशीन आहे, बिघडली असेल.

पुढच्या रविवारी दुपारी त्यानं मला बोलावलं. दोन सारख्या मशिनी शेजारी मांडल्या होत्या. प्रत्येकीच्या प्लगला वीज मोजायचं छोटं मीटर. एक मशीन माझी, खालच्या वेगाला बांधलेली. दुसरी त्याची, खाली मोकळी, वर थोडी बांधलेली. वर का बांधली, तेही त्यानं भिंतीला सांगावं तसं सांगितलं, की शेवटच्या थोड्या वेगासाठी मशीन भलतीच वीज मागते आणि काम तेवढं पुढे सरकत नाही. हे मला लगेच पटलं. इंजिनाचं थ्रॉटल शेवटपर्यंत ओढलं की नुसता धूरच निघतो. दोन्ही मशिनींना एकच काम दिलं, प्रश्नपत्रिकांचा मोठा गठ्ठा एका फाईलमध्ये बांधायचा. काम झालं की मशीन आपोआप बंद. विहाराजवळच्या टपरीवरून चहा येईपर्यंत त्याची मशीन काम उरकून बंद झाली. माझी चालूच होती. चहा संपला, कप वाळले, माशा बसल्या, माझी चालूच. शेवटी ती बंद झाली आणि आम्ही मीटर पाहिले. माझ्या मशीननं त्याच्या दीडपट वीज खाल्ली होती.

मी म्हटलं, मीटर बिघडलं आहे.

त्यानं मीटर आलटून पालटून लावले आणि पुन्हा सगळं सुरुवातीपासून केलं. पुन्हा चहा मागवला. पुन्हा तेच. मी म्हटलं, तू तुझ्या मशीनमध्ये काही करून ठेवलं आहेस. तेव्हा तो हसला आणि आमच्या बोलीतच म्हणाला, "शालिक, तुझ्या पंपाचं इंजिन हळू चालवलं तं बोडीचं पानी बांधीत चढते का बे?"

नाही चढत, तळ्यातलं पाणी असं वर येत नाही. हे मी तालुक्याला सांगत आलोय. फार हळू चालवलं तर पंप पाणी वर फेकतच नाही, इंजिन नुसतं डिझेल जाळत बसतं. नेमक्या वेगानं चालवा, बांधी भरा, बंद करा. मशीनचंही तेच. ती हळू काम करत असते तेव्हा तिचा पडदा, पंखा, बाकीचं सगळं चालूच असतं. लवकर काम उरकून झोपलेली मशीन, दिवसभर रेंगाळत जागणाऱ्या मशीनपेक्षा कमी खाते. माझ्याच धंद्यातली गोष्ट त्यानं माझ्यापुढे ठेवली होती. मी उठलो, चप्पल घातली आणि घरी गेलो. आठ दिवस चहाला गेलो नाही.

नवव्या दिवशी तोच दुकानात आला. म्हणाला, चल, पल्लवीच्या घरी जायचं आहे, मी एकटा गेलो तर तिची आई घाबरेल. मी गेलो. वाटेत मला वाटत होतं, हा आता तिथं माझं नाव घेणार. मी उत्तरही तयार करून ठेवलं होतं. ताराचंद तिच्या अंगणात बाजेवर बसला, पाणी प्यायला, आणि त्या पोरीला म्हणाला, "बाई, तुझ्या हातात काही खराबी नाही. मशीन मी बांधून ठेवली होती. चूक माझी होय. मी ते काढलं आता. उद्या येजो." तिच्या आईनं पदर डोळ्याला लावला. पोरगी खाली पाहत उभी होती. मी बाजेच्या पायाशी उभा होतो, आख्ख्या तालुक्याचा मिस्त्री, आणि माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही.

परत येताना मी विचारलं, तू काहून आपल्यावर घेतलं. तो चालता चालता म्हणाला, "तू घेतलं असतं का?" त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता.

पल्लवी परत आली, परीक्षा दिली, पास झाली. नोकरी लागल्यावरही रोज सकाळी तुमसरची गाडी पकडायच्या आधी अभ्यासिका उघडून झाडून जायची. समितीत ताराचंदनं काहीच सांगितलं नाही. हळूच सहाही मशिनी नीट लावून टाकल्या, बॅटरी संध्याकाळभर पुरू लागली, आणि सुखदेव चार लोकांत सांगू लागला की मिस्त्रीच्या सल्ल्यानं बॅटरी टिकली. मी ते ऐकून घेत होतो. ताराचंदसमोर ऐकून घेत होतो. चहाच्या वेळी मात्र मी त्याच्याशी भांडायचो, वरची हद्द इतकीच का, उतरताना थोडी थांबून का उतरते, आणि तो दर वेळी तेच आकडे शांतपणे सांगायचा. मी म्हणायचो, खोटं आहे. तो म्हणायचा, असेल, तुझा चहा थंड होऊन राहिला.

आता तो गेल्यानंतरचं सांगतो. पुण्यानुमोदनाला विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. तुमसरचे, लाखनीचे, त्यानं शिकवलेले कुठले कुठले पोट्टे आले. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, मग लोक बोलले. पल्लवी बोलली. म्हणाली की मोठी माणसं चुकत नाहीत असं मला वाटायचं, पण सर माझ्या घरी आले आणि माझ्या आईसमोर म्हणाले, चूक माझी होती, एवढ्या वयात असं म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लोकांनी माना डोलावल्या. कुणी डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलो होतो. म्हातारा मित्र म्हणून मला खुर्ची दिली होती.

सगळं आटोपल्यावर समितीची माणसं तिथंच थांबली. अडचण होती. जाण्याच्या चार दिवस आधी ताराचंदनंच मशिनींच्या आतलं सगळं पुसून नवीन टाकलं होतं, आणि त्यानं लावलेल्या हद्दी त्यात निघून गेल्या. तो त्या पुन्हा लावणार होता, तेवढ्यात हे झालं. आता मशिनी तापत होत्या, बॅटरी लवकर उतरत होती. सुखदेव माझ्याकडे वळला. म्हणाला, "मिस्त्रीकाका, तुम्ही तं तवाच सांगतलं होतं, खालच्या वेगाले बांधा म्हणून. आता तसंच करून टाकू ना?"

पल्लवी काहीतरी बोलायला उठली. मशिनी तशा बांधल्या की काय होतं, ते तिला माहीत होतं. पण तिच्या आधी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी... मान हलवली. हो म्हणून. साठ वर्षं जोडीला असलेल्या मित्राचा फोटो समोर, हार अजून ताजा, आणि मी मान हलवली, कारण माझा शब्द होता. पल्लवी खाली बसली. आमच्या गावात म्हाताऱ्या माणसानं मान हलवली की पोरी खाली बसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी अभ्यासिकेच्या दारात जाऊन उभा राहिलो. पल्लवी आली, मला पाहून तिला नवल वाटलं, कुलूप काढलं. मी आत गेलो, पण बसलो नाही. बसून बोललो असतो तर बोललोच नसतो. म्हटलं, "पल्लवी, सरनं तुझ्या घरी येऊन जे आपल्यावर घेतलं, ते माझं होतं. मशीन हळू बांधायले मी लावलं. कालही मी खोटी मान हलवली." ती झाडू हातात धरून उभी राहिली. मला वाटलं, ती रडेल, नाहीतर मला बोलेल. दोन्ही तिच्या हक्काचं होतं. तिनं झाडू कोपऱ्यात ठेवला, एक मशीन उघडली आणि खुर्ची ओढून बसली.

"मंग आता कसं लावायचं?" तिनं विचारलं. "सरनं कुठं लिहून ठेवलं नाही."

मी सांगू लागलो. खालची हद्द मोकळी सोड. वरची एक पॉइंट आठ गिगाहर्ट्झवर बांध, त्याच्या वर नको. काम आलं की लगेच चढू दे, वाट पाहायला लावू नको. उतरताना मात्र जरा दम धरून उतरू दे, नाहीतर ती सारखी वर-खाली करत राहते, जसं खराब लावलेलं इंजिन हुंदडते. ती टाइप करत गेली, मध्ये मध्ये थांबून मला विचारत गेली, आणि मला प्रत्येक आकडा येत होता. सहाही मशिनी झाल्यावर ती म्हणाली, "काका, तुम्हाले हे सगळं पाठ कसं काय?"

"दोन वर्षं यावरच त्याच्याशी भांडलो," मी म्हटलं. "पाठ नाही होणार तं काय."

ती हसली. मग तिची गाडीची वेळ झाली, किल्ली माझ्याकडे देऊन ती गेली. समोर भिंतीवर फळा होता. त्यावर रोज कुणीतरी सामान्यज्ञानाचे दहा प्रश्न लिहितं, आदल्या दिवशीचे अजून तसेच होते. मी ते पुसले. चौथी सुटल्यापासून मी फळ्यासमोर उभा राहिलो नव्हतो. खडू दोनदा तुटला. माझं अक्षर वाकडं, ओळ वर चढत गेली, पण वाचता येईल इतकं मोठं लिहिलं:

मशिनी हळू बांधून ठेवू नका. ती चूक होती. ती ताराचंदची नव्हती, माझी होती.

खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, दुकानाच्या पाटीवर लिहितो तसं. मग दार सताड उघडं ठेवलं, खुर्ची फळ्याच्या बाजूला ओढली, आणि पहिला पोट्टा येईपर्यंत तिथंच बसून राहिलो.